पुरवठादार म्हणतो ‘काळजी नको’, मग आपण सज्ज आहोत का?

पत्र: मी एका मध्यम आकाराच्या सेवा कंपनीत कामकाज व्यवस्थापक आहे. आमच्या अनेक शाखा आहेत. ग्राहकांची नोंदणी, भेटीच्या वेळा, बिले आणि तक्रारी हे सारे आजवर त्या त्या शाखेतील संगणकावर, तर काही ठिकाणी वहीत होत असे. येत्या काही महिन्यांत हा सगळा कारभार क्लाउडवरील, म्हणजे पुरवठादाराच्या यंत्रांवर इंटरनेटवरून चालणाऱ्या, एकाच प्रणालीत जाणार आहे. सायबर सुरक्षेच्या दृष्टीने आपण सज्ज आहोत का, याचे उत्तर संचालकांना माझ्याकडून एका पानात हवे आहे. प्रणालीचा पुरवठादार म्हणतो की त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे, काळजी नको. एका सल्लागाराने शेकडो प्रश्नांची यादी पाठवली आहे, पण मी तंत्रज्ञ नसल्याने त्यातले निम्मे प्रश्न मला कळतच नाहीत. शाखांतील सहकाऱ्यांची तक्रार आहे की, ग्राहक समोर उभा असताना पासवर्ड आणि ओटीपी यांत वेळ जातो. मी सुरुवात कुठून करावी?

उत्तर: तंत्रज्ञ नसल्याचा संकोच आपण मनातून काढून टाकावा. संचालकांनी विचारलेला प्रश्न मुळात कामकाजाचा आहे, आणि कोणत्या शाखेत कोणते काम कशावाचून अडते हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसणार. सल्लागाराची यादी टाकून देऊ नका, पण सध्या बाजूला ठेवा. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर लिहून काढा: नवी प्रणाली सुरू झाल्यावर एखाद्या सकाळी ती उघडलीच नाही, तर त्या दिवशी येणाऱ्या ग्राहकांचे काम कोण करील, कशाच्या आधारे करील आणि असे किती काळ निभावता येईल? ज्या संस्थेकडे याचे नेमके उत्तर आहे ती बऱ्याच अंशी सज्ज आहे असे मी मानतो. ज्या संस्थेकडे ते नाही, तिने कितीही महागडी सुरक्षा साधने घेतलेली असली तरी तिला मी सज्ज म्हणणार नाही.

सेवा उद्योगाला हा प्रश्न अधिक जाचतो. कारखाना थांबला तरी गोदामातला माल काही दिवस विकता येतो, पण चुकलेली भेटीची वेळ किंवा रिकामी राहिलेली खोली दुसऱ्या दिवशी भरून काढता येत नाही. शिवाय आजवर आपल्या एका शाखेतला संगणक बंद पडला तर ती एकच शाखा अडत होती. कारभार एका प्रणालीत एकवटला की हिशेब एकत्र दिसतो, ग्राहकाला कोणत्याही शाखेत ओळखता येते, आणि बिघाड झाला तर तोही सगळ्या शाखांत एकाच क्षणी होतो. त्यासाठी हल्लेखोर लागतोच असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि अनेक देशांतील विमानसेवा, रुग्णालये व बँका यांची कामे खोळंबली. त्या दिवशी ज्यांच्याकडे छापील याद्या आणि हाताने काम करण्याची ठरलेली पद्धत होती त्यांचे काम रखडत का होईना, चालू राहिले.

आता आपल्या येत्या काही महिन्यांविषयी, कारण माझ्या मते खरा धोका तिथेच आहे. जुनी व्यवस्था एका अर्थाने सुरक्षित असते, कारण ती सर्वांना ओळखीची असते. नवी व्यवस्था स्थिरावली की तीही सांभाळता येते. मधला काळ मात्र घर बदलण्याच्या दिवसासारखा असतो: दोन्ही घरांची दारे सताड उघडी, सामान वाटेत पडलेले, आणि ये-जा करणाऱ्यांपैकी कोण आपला आणि कोण परका याकडे कोणाचेच लक्ष नाही. या काळात पुरवठादाराच्या माणसांसाठी तात्पुरती खाती उघडली जातात आणि ती बंद करायची राहून जातात. ग्राहकांच्या याद्या एक्सेलमध्ये उतरवून ईमेलने पाठवल्या जातात आणि त्या प्रती कोणाच्या तरी लॅपटॉपवर वर्षानुवर्षे राहतात. चाचणीसाठी खऱ्या ग्राहकांची खरी माहिती वापरली जाते, आणि ज्या चाचणी प्रणालीत ती भरलेली असते तिला धड पासवर्डही नसतो. जुना सर्व्हर ‘एखादी नोंद लागली तर असावा’ म्हणून चालू ठेवला जातो, पण त्याची देखभाल करणारा माणूस नव्या कामावर गेलेला असतो.

जुनी प्रणाली वारशाने घेतली की तिच्यातले दुखणेही वारशाने येते, याचे ठळक उदाहरण हॉटेल उद्योगातले आहे. मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवुड ही हॉटेल कंपनी विकत घेतली. स्टारवुडच्या आरक्षण प्रणालीत २०१४ पासूनच कोणीतरी घुसलेले होते, आणि ते लक्षात आले सप्टेंबर २०१८ मध्ये. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ३३ कोटी ९० लाख पाहुण्यांच्या नोंदी त्यात उघड्या पडल्या, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये या कार्यालयाने मॅरियटला १ कोटी ८४ लाख पौंडांचा दंड केला. उघड झालेल्या माहितीत ५० लाखांहून अधिक पासपोर्ट क्रमांक असे होते की जे एन्क्रिप्ट न करता, म्हणजे सांकेतिक रूपात न बदलता, जसेच्या तसे साठवलेले होते. इतके पासपोर्ट क्रमांक तशा अवस्थेत इतका काळ बाळगण्याची गरज होती का, हा प्रश्न वेळीच विचारला गेला असता तर नुकसान निदान त्या बाजूने कमी झाले असते.

म्हणून स्थलांतराआधी जुन्या नोंदींतील प्रत्येक रकान्याबद्दल विचारा की ही माहिती नव्या प्रणालीत कोणत्या कामासाठी लागणार आहे. जिचे काम सांगता येत नाही आणि जी ठेवण्याची कायद्याने सक्ती नाही ती सोबत नेऊ नका, कारण जी माहिती आपल्याकडे नाही ती आपल्याकडून चोरीला जाऊ शकत नाही. चाचणीसाठी बनावट नोंदी तयार करून घ्या. पुरवठादार कुरकुर करील, तरीही आग्रह धरा. जुनी प्रणाली कोणत्या तारखेला कायमची बंद होणार आणि ते कोण करणार, हे आजच लिहून ठेवा. स्थलांतरासाठी उघडलेल्या प्रत्येक तात्पुरत्या खात्याला, ते उघडतानाच, संपण्याची तारीख लावून घ्या.

पुरवठादाराचे प्रमाणपत्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. मात्र आयएसओ २७००१ सारखे प्रमाणपत्र माहितीच्या सुरक्षेची व्यवस्थापन पद्धत ठरावीक कार्यकक्षेत पाळली जाते एवढेच सांगते, आणि ती कार्यकक्षा प्रमाणपत्रावरच लिहिलेली असते. तुम्ही घेत असलेली सेवा तीत येते की त्यांचे केवळ मुख्य कार्यालय येते, हे वाचून पाहा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्लाउडमध्ये जबाबदारी वाटलेली असते: इमारत, यंत्रे आणि मूळ सॉफ्टवेअर पुरवठादाराने सांभाळायचे, तर कोणाला खाते द्यायचे, कोणाला किती अधिकार द्यायचे आणि कोणी गेल्यावर खाते बंद करायचे हे ग्राहक कंपनीने पाहायचे. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड कंपनीच्या सुमारे १६५ ग्राहक संस्था धोक्यात आल्या. तपास करणाऱ्या मँडियंट कंपनीच्या निष्कर्षानुसार स्नोफ्लेकची स्वतःची यंत्रणा त्यात फोडली गेलेली नव्हती. ग्राहक संस्थांची आधीच चोरीला गेलेली नावे व पासवर्ड वापरून हल्लेखोर आत शिरले होते, आणि ज्या खात्यांतून ते शिरले त्यांना पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी लावलेली नव्हती.

तेव्हा पुरवठादाराला ‘सुरक्षित आहे का’ असे विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. आमच्या प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी सक्तीची करता येईल का, कोण कधी आणि कुठून आत आले याच्या नोंदी आम्हाला पाहता येतील का व त्या किती महिने राहतात, तुमच्याकडे घुसखोरी झाली तर आम्हाला किती तासांत कळवाल, आणि करार संपला तर आमची माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे विचारा आणि उत्तरे करारात लिहून घ्या. तासांचा आग्रह मी मुद्दाम धरतो. युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमांनुसार वैयक्तिक माहितीची गळती लक्षात आल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावे लागते, आणि इतरत्रही अशा मुदती आहेत. पुरवठादारानेच तुम्हाला आठवड्याने कळवले तर आपल्या ग्राहकांना आणि नियामकाला काय सांगायचे, हे तुम्हाला तोपर्यंत माहीतच नसेल. त्यांची माणसे तुमच्या प्रणालीत दुरुस्तीसाठी कशी येतात, हेही विचारायला विसरू नका. २०१३ मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोरांनी पहिला प्रवेश मिळवला होता तो वातानुकूलन यंत्रणेचे काम पाहणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉगिनवरून.

सहकाऱ्यांच्या तक्रारीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक सल्लागार ती ऐकूनच घेत नाहीत. आपले सहकारी बरोबर बोलत आहेत. काउंटरवर रांग असताना दर दहा मिनिटांनी बाहेर काढणारी प्रणाली त्यांना दिली तर ते एकच लॉगिन पाच जणांत वाटून घेतील आणि पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवतील; यात त्यांचा आळस नाही, काम उरकण्याची गरज आहे. एकच लॉगिन पाच जणांचे झाले की कोणी काय केले हे पुढे कधीच कळत नाही, आणि त्यांपैकी एक जण नोकरी सोडून गेला तरी त्याची चावी त्याच्याजवळच राहते. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खाते हवेच, पण आत येण्याची पद्धत जलद हवी. बोटाच्या ठशाने किंवा उपकरणाच्या पिनने उघडणारी पासकी, अथवा यूएसबीत लावायची सुरक्षा किल्ली, ही साधने एसएमएसने येणाऱ्या ओटीपीपेक्षा वापरायला सोपी आणि फसवायला पुष्कळ कठीण असतात, कारण ओटीपी फोनवर विचारून घेता येतो, सुरक्षा किल्ली तशी घेता येत नाही. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्ती असेल तर ती काढून टाकण्याची शिफारस करा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेतच सांगितले आहे की, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना तो ठरावीक काळाने बदलायला लावू नये. लांबीला महत्त्व द्यावे.

पण सेवा उद्योगातली सर्वांत नाजूक जागा पासवर्डच्याही पलीकडे आहे. आपण माणसे निवडतो ती मदतीला तत्पर म्हणून, आणि त्यांना शिकवतो की समोरच्याला नाही म्हणू नका. फसवणारा नेमका याच गुणाचा फायदा घेतो. सप्टेंबर २०२३ मध्ये एमजीएम रिसॉर्ट्स या हॉटेल व कॅसिनो कंपनीवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी एका कर्मचाऱ्याची बतावणी करून हेल्प डेस्कला फोन केला आणि प्रवेश मिळवला, असे त्या वेळच्या वृत्तांतांत आले होते. पुढचे काही दिवस संकेतस्थळावरचे आरक्षण, खोल्यांच्या डिजिटल किल्ल्या आणि जुगाराची यंत्रे यांत अडथळे आले, कर्मचाऱ्यांना कागद-पेनावर यावे लागले, आणि कंपनीने आपल्या उत्पन्नावरील परिणामाचा अंदाज सुमारे १० कोटी डॉलर असा जाहीर केला. ज्या कंपनीकडे सुरक्षेवर खर्च करण्याची ऐपत आहे तिच्याबाबतीत हे घडले, याची नोंद संचालकांनी घ्यावी असे मला वाटते.

यावर प्रशिक्षणाच्या चित्रफिती दाखवणे हा उपाय मला अपुरा वाटतो. फोनवर बोलणाऱ्याचा आवाज आता संगणकाने हुबेहूब तयार करता येतो, तेव्हा ‘ओळखीचा आवाज वाटला’ ही खातरजमा राहिलेली नाही. नियम हवा, आणि तो साधा हवा: पासवर्ड किंवा दुसरी पडताळणी नव्याने लावून देण्याची विनंती फोनवर आली, तर फोन ठेवायचा आणि कर्मचारी नोंदीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर आपण उलट फोन करायचा. बँक खात्याचा तपशील बदलण्याच्या विनंतीलाही हाच नियम लावा. विनंती स्वतः संचालकांच्या नावाने आली तरी अपवाद नाही, आणि असा नियम पाळून काम थांबवणाऱ्या कर्मचाऱ्याला कोणीही बोल लावणार नाही, हे संचालकांनी आपल्या सहीने सर्व शाखांना कळवले पाहिजे. या पत्रावाचून नियमाला अर्थ नाही, कारण घाईत असलेल्या वरिष्ठाला नाही म्हणण्याची हिंमत काउंटरवरच्या नव्या मुलीने स्वतःच्या बळावर दाखवावी ही अपेक्षाच अन्यायाची आहे. चुकून संशयास्पद दुव्यावर क्लिक केल्याचे जो स्वतःहून लगेच सांगतो त्याला शिक्षा करू नका. शिक्षेची भीती बसली की पुढची चूक आपल्याला कळायला महिने लागतील.

शाखांतले जुने संगणक नव्या प्रणालीचे दार म्हणून वापरले जाणार असतील तर तेही तपासून घ्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने, ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील हजारो रुग्णांच्या भेटी रद्द करायला लावल्या, तेव्हा विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो शिरला तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध करून दिलेली होती. ज्या संगणकांना आता अपडेट मिळत नाहीत ते बदलण्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरा. नंतर तो कोणीही मंजूर करत नाही.

बॅकअपबाबत पुरवठादार बहुधा सांगेल की माहिती एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी साठवली जाते. ही सोय चांगली आहे, पण तिला बॅकअप समजू नका, कारण एका ठिकाणी पुसलेले किंवा खराब झालेले तितक्याच तत्परतेने दुसऱ्या ठिकाणी जाते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीने हा धडा अनुभवला. तिच्या जाळ्यातील सर्व खाती आणि अधिकार सांभाळणारे अनेक सर्व्हर परस्परांशी सतत जुळते राहतील अशी व्यवस्था होती, आणि ते जवळपास सगळे एकत्रच नष्ट झाले. त्यातला एक तेवढा वाचला, तो घानातल्या कार्यालयातला, आणि तोही केवळ त्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे. कंपनीने पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले. इतके मनुष्यबळ आपल्याकडे नसणार, आणि वीज योग्य वेळी जाईल यावर तर विसंबता येणार नाही. तेव्हा मुख्य प्रणालीच्या लॉगिनने जिथे पोहोचता येत नाही अशी एक प्रत स्वतंत्र ठिकाणी असावी, आणि ती प्रत वापरून एका शाखेचा पूर्ण एक दिवसाचा कारभार खरोखर परत उभा करून दाखवायला पुरवठादाराला सांगावे. किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहून ठेवा. संचालकांच्या पानावर मी सर्वांत आधी हाच आकडा लिहीन.

दुसरी चाचणी आपण स्वतः घ्यायची. एका शाखेत अर्धा दिवस नवी प्रणाली बंद आहे असे समजून काम करून पाहा. उद्याच्या भेटींची यादी आदल्या संध्याकाळी छापलेली होती का, बिल हाताने देता आले का, पैसे घेतल्याची नोंद नंतर प्रणालीत चढवताना दुबार झाली का, ग्राहकाला काय सांगायचे हे ठरलेले होते का, हे सारे त्या अर्ध्या दिवसात कळते. त्याच वेळी दोन अधिकार नावानिशी ठरवून घ्या: संशय आल्यावर सगळ्या शाखांची प्रणाली बंद करण्याचा निर्णय रात्री दोन वाजता कोण घेईल, आणि ग्राहक, नियामक व पत्रकार यांच्याशी कोण बोलेल. संबंधितांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर प्रत्येक शाखेत ठेवा, कारण ईमेलच बंद पडले तर त्यात साठवलेली संपर्क यादी निरुपयोगी ठरते. खंडणी मागितली गेली तर काय करायचे याची चर्चाही शांत डोक्याने आधीच व्हावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील चेंज हेल्थकेअर या आरोग्य व्यवहार कंपनीत हल्लेखोर शिरले ते दुहेरी पडताळणी नसलेल्या एका दूरस्थ प्रवेशद्वारातून. कंपनीने २ कोटी २० लाख डॉलर दिले, तरीही औषध दुकाने आणि रुग्णालये यांचे व्यवहार सुरळीत व्हायला बराच काळ गेला, आणि चोरलेली माहिती पुसली गेली याची खात्री पैसे देऊनही मिळाली नाही.

आता ती लांबलचक यादी पुन्हा हातात घ्या. एनआयएसटीच्या सायबर सुरक्षा आराखड्याची दुसरी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तीत कारभार, ओळख, संरक्षण, शोध, प्रतिसाद आणि पुनर्स्थापना असे सहा विभाग आहेत. सल्लागारालाच सांगा की प्रत्येक प्रश्न या सहांपैकी एकात बसवून द्यावा आणि त्याच्यासमोर उत्तर देणाऱ्या माणसाचे नाव लिहावे. माझा अंदाज आहे की निम्म्याहून अधिक प्रश्न ‘संरक्षण’ या एकाच विभागात जातील, आणि शेवटच्या दोन विभागांत मोजकेच उरतील. आपला वेळ त्या मोजक्यांवर खर्च करा.

संचालकांच्या पानावर ‘सज्ज’ किंवा ‘सज्ज नाही’ असे एका शब्दाचे उत्तर लिहू नका. माहिती परत उभी करायला लागलेले तास, प्रणालीविना शाखा किती वेळ चालली, दुहेरी पडताळणी नसलेल्या खात्यांची संख्या, जुनी प्रणाली बंद होण्याची तारीख आणि अजून नाव न ठरलेल्या जबाबदाऱ्या, एवढेच लिहा. चाचणीत लागलेले तास शाखा हाताने निभावू शकते त्या तासांपेक्षा जास्त असतील, तर सर्व शाखा एकाच दिवशी नव्या प्रणालीवर नेण्याची योजना रद्द करून एका शाखेपासून सुरुवात करावी आणि हे दोन आकडे जुळेपर्यंत पुढच्या शाखेची तारीख देऊ नये, अशी शिफारस त्याच पानावर स्पष्ट शब्दांत करा. पुरवठादाराचे वेळापत्रक त्यामुळे बिघडेल आणि तो थेट संचालकांकडे जाईल. म्हणून त्याला कळण्याआधी ते पान संचालकांच्या हाती पडलेले असू द्या.